बेवारस बोटी : तोडायच्या की मालकाची वाट बघायची?

भीमाकाठी : सोलापूरकराला समुद्राचं काय पडलंय, असं विचारू नका. जून 2020 मध्ये निसर्ग वादळात 'बसरा स्टार' हे जहाज रत्नागिरीच्या मिऱ्या किनाऱ्यावर येऊन रुतलं आणि वर्षानुवर्षं तिथंच गंजत पडलं. 1958 च्या व्यापारी नौवहन कायद्यात सरकारी ताब्यातल्या अशा मालावर हक्क सांगायला मालकाला वर्षभर मुदत होती. वर्षात एक अख्खा पावसाळा येतो ओ! तीन महिन्यांची नोटीस द्या, नंतर गॅसकटर लावा. शिवाय सुरक्षा आहेच. 2011 मध्ये खलाशांनी सोडून दिलेलं 'पवित' ओमानकडून वाहत थेट जुहूला लागलं, कुणाला पत्ता नाही.

चादरवाला : 'पवित'चं उदाहरण इथं लागू नाही. तो पहाऱ्यातला घोळ होता. तोडायचा कायदा कितीही कडक केला तरी न दिसलेलं जहाज तोडणार कोण?

भीमाकाठी : बरं, ते सोडा. ऑगस्ट 2022 ला हरिहरेश्वरला रिकाम्या बोटीत एके-47 सापडल्या, ते?

चादरवाला : ती बोट ऑस्ट्रेलियन बाईची निघाली, इंजिन बंद पडलं म्हणून सोडलेली. मालक सापडला तो चौकशीमुळे. आधीच कटर लावला असता तर काय कळलं असतं?

करमाळकर : तुमचं जहाजांवरच चाललंय. छोट्या नावांचं बोला की. पावसाळ्यात मासेमारीची बंदी लागली की नावा वर ओढून ठेवतात, झावळ्या-ताडपत्री टाकून. इंजिन कर्जात अडकलं तर ती पुढच्या वर्षीही तिथंच. बाहेरून आलेल्या साहेबाला ती बेवारसच दिसणार. आणि फायबरची नाव तोडून टाकणार कुठं? लोखंड भंगारवाला नेतो, फायबरला हात लावत नाही.

उजनी धरणात बघा. चोरून वाळू उपसणारी यांत्रिक बोट पकडली की सरकारी पथक जिलेटिन लावून उडवतं. फोटो झक्कास येतो. पत्रा, पाइप राहतात पाण्यात, आणि आमच्याकडच्या पोरांची जाळी त्यात फाटतात. भरपाई? नाव काढू नका.

भीमाकाठी : म्हणून हातच लावायचा नाही का? उजनीत उडवतात ते चूक, मान्य. पण पडू द्यायचं हा काय उपाय झाला बे?

करमाळकर : पडू द्या कोण म्हणतंय? आधी मच्छीमार सोसायटीला विचारा, मालक कोण ते त्यांना तोंडपाठ असतं. मग तोडा, आणि तुकडे बाहेर काढल्याशिवाय ठेकेदाराचं बिल काढू नका.

चादरवाला : हे शेवटचं तेवढं पटलं. मुदत मात्र वर्षाचीच ठेवा.

भीमाकाठी : सहा महिने. त्याच्यावर एक दिवस नाही.