राजारामपुरीच्या गेटात अडकलेले कागद

प्रेषक: रेडिंगची आक्का (सध्या मुक्काम कोल्हापूर)
विषय: दारातले कागद

इंग्लंडातल्या आपल्या मराठी मंडळाच्या मेल-लिस्टवरच्या मंडळींना नमस्कार.

परवा सकाळी महालक्ष्मी एक्स्प्रेसनं आईला घेऊन कोल्हापुरात उतरले. गणपतीनंतर घर बंदच होतं. रिक्षातून सामान उतरवलं, कुलूप काढलं, गेट ढकललं तर हलेना. खालच्या फटीत कागदांचा बोळा अडकलेला. रिक्षावाल्यानं पायानं रेटलं, "पालिकेचं इलेक्शन हाय ताई, आता हेच पीक," म्हणाला आणि वीस रुपये जास्त घेऊन गेला.

आत बघते तर कट्ट्यावर कागद, तुळशीच्या कुंडीत कागद, दाराच्या कोयंड्यात कागद. गेटला पत्र्याची टपालपेटी आहे, बाबांनी स्वतः रंगवलेली. ती इतकी ठासून भरली होती की झाकण उघडंच राहिलं आणि वरचे कागद दवानं भिजले. एक कार्यसम्राट आणि दोन भावी नगरसेवक एकमेकांना असे चिकटले होते की सोडवताना तिघांचेही चेहरे गेले.

आईनं चहासुद्धा न घेता कट्ट्यावर बसून निवडायला घेतलं. एका बाजूला प्लॉट, क्लासेस, सोफा रिपेअर, साड्यांचा सेल, मूळव्याध. दुसऱ्या बाजूला निवडणूक, आणि तो ढीग पहिल्याच्या तिप्पट. 2015 ला इथं एका वॉर्डातून एकच नगरसेवक निवडायचा होता. आता 2026 ला 20 प्रभाग आणि 81 जागा, म्हणजे आपल्याला चार मतं. त्यामुळे चारही जागांचे सगळे उमेदवार, वर पॅनेलचं एकत्र पत्रक, वर जाहीरनामा, वर संक्रांतीच्या हळदी-कुंकवाचं आमंत्रण. एकाला तिळगुळाची पुडी स्टेपल केलेली होती, मुंग्यांसकट.

पण मेल लिहायला बसले ती तिसऱ्या ढिगामुळे. पाकिटं. नावानिशी, छापील लेबल लावलेली. एकाच उमेदवाराची चार: आईच्या नावचं, माझ्या, धाकट्या भावाच्या आणि बाबांच्या. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. धाकटा तुमच्यातलाच, स्लावचा, ब्रिटिश पासपोर्ट घेऊन बारा वर्षं झालेला. आत एकच मजकूर. "आपण आमच्या कुटुंबातीलच एक आहात," असं बाबांना कळवलंय.

हे थांबवायचं कसं, कुणी सांगेल का? रेडिंगला दारावर "जंक मेल नको"चं स्टिकर आहे, त्यानं बरंच कमी होतं. म्हणून इथंही काल पुठ्ठ्यावर ठळक अक्षरात "कृपया पत्रके टाकू नयेत" असं लिहून गेटला सुतळीनं बांधलं. आज सकाळी पुठ्ठ्यामागं पाच पत्रकं नीट खोचलेली होती. त्यांना खोचायला जागा झाली.

आक्का

---

प्रेषक: स्लावचा धाकटा

आक्का, लिस्टवर कशाला? घरात फोन आहे की.

बंद घरापुढं कागद साठले की चोराला आवतण, मला काळजी त्याची आहे. शेजारच्या काकूंना आठवड्यातून एकदा उचलायला सांग, नाहीतर त्यांच्या पोराला शंभर रुपये दे. बाकी सगळं रद्दीवाल्याला घाल.

माझ्या पाकिटाचा फोटो पाठव.

---

प्रेषक: क्रॉयडनची वैनी

आक्का, मी दोन वर्षं इथं एका पक्षासाठी दारोदार पत्रकं टाकते (कुठल्या ते विचारू नका, मंडळात राजकारण नको), तेव्हा माझं ऐका. इथल्या दारातल्या फटीला आतून ब्रश असतो, झाकणाची स्प्रिंग कडक असते आणि आत कुत्रं असलं तर बोटं गेलीच. पहिल्या दिवशी एका जुन्या कार्यकर्तीनं माझ्या हातात लाकडी उलथनं ठेवलं. पत्रक त्याच्यावर दुमडायचं आणि दोघं मिळून आत सारायचं. आता घरात दोन उलथनी आहेत, एक पिठल्याचं, एक राजकारणाचं, आणि सासूबाईंनी एकदा अदलाबदल केली होती.

तुमच्या रेडिंगच्या स्टिकरबद्दल: ती विनंती आहे, कायदा नाही. रॉयल मेल बिनपत्त्याच्या जाहिराती घरोघर टाकतं, त्या अर्ज करून बंद करता येतात, पण निवडणुकीचं टपाल त्यात येत नाही. पार्लमेंटच्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराला मतदारांना एक पत्र टपालखर्चाशिवाय पाठवायचा हक्क आहे आणि ते पोचवणं रॉयल मेलवर बंधनकारक आहे. कौन्सिलच्या निवडणुकीला ही सवलत नसते, म्हणून तर आम्ही उलथनी घेऊन पावसात फिरतो. नावानिशी येणारं बाकीचं थांबवायचं असेल तर त्या पक्षाला लेखी कळवायचं, माझी माहिती प्रचाराला वापरू नका. डेटा संरक्षणाच्या कायद्यानं त्यांना ऐकावं लागतं. ते एक फुकटचं पत्र मात्र येणारच.

आणि ज्यांचा पासपोर्ट अजून भारताचा आहे त्यांच्यासाठी पुन्हा एकदा: आपण राष्ट्रकुलातले नागरिक, इथं रीतसर राहत असू तर पार्लमेंटलाही आपल्याला मत आहे. नाव नोंदवा. दरवर्षी सांगते आणि दरवर्षी कुणीतरी "होय?" म्हणतं.

---

प्रेषक: हौन्स्लोचे तात्या (आता कायमचे शिवाजी पेठ)

आक्का, आलीस होय? आधी घरी ये, आईलाही आण. तांबडा-पांढरा करायला सांगतो.

तुझ्या पुठ्ठ्याचं वाचून लई हसलो. अगं, ज्यानं खोचलं त्याला वाचायला सवड कुठाय? पहाटे पेपरचे गठ्ठे सुटले की तिथंच बसून पोरं पेपरात पत्रकं घालत्यात, शेकड्यावर पैसे, आणि उजाडायच्या आत लाईन संपवायची असती. बाकीची तालमीची पोरं संध्याकाळी वाटत्यात. गठ्ठा संपला की मिसळ. मग संपवायसाठी एकाच गेटात दहा घातली तर मोजतंय कोण? थोरल्या भावाच्या छापखान्यात कॉलेजला असताना मी असले गठ्ठे बांधलेत.

पण पाकिटाचं तसं न्हाई. पत्रक म्हणजे वाऱ्यावर सोडलेलं, कुणाच्याबी अंगणात पडतंय. पाकीट यादीवरनं येतंय. उमेदवाराला मतदार यादी मिळती, कार्यकर्ते ती गल्लीवार फोडत्यात, लेबलं काढत्यात. म्हणजे तुझे बाबा यादीत अजून हायत. त्या उमेदवाराला शिव्या घालून उपयोग न्हाई, त्या बिचाऱ्यानं यादी वाचली इतकंच. उलट त्यानं तुला फुकटात कळवलं. पालिकेला वेगळी नावं गोळा करत न्हाईत, विधानसभेची यादीच प्रभागवार तोडत्यात, ह्या बारीला 1 जुलै 2025 ची. त्यामुळं तू आज कितीबी धावलीस तरी 15 जानेवारीला मतदानादिवशी बाबांचं नाव बूथवर असणार. पाकीट रद्दीत घातलंस तर पुढच्याबी निवडणुकीला असणार. यादीत दुबार नावं हायत म्हणून सगळीकडं बोंब चाललीय; पण आपल्याच घरातलं गेलेलं माणूस यादीतनं काढायला किती जण जात्यात?

तवा नमुना 7 भर. नाव काढायचा अर्ज तो. त्याच मतदारसंघातल्या मतदारानं करायचा असतोय, म्हणून आईच्या सहीनं कर. मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स जोड. खोटं लिहिलं तर शिक्षा हाय, पण तुझं खरंच हाय.

धाकट्या, आता तुझं. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की 1955 च्या नागरिकत्व कायद्यानं आपलं आपोआप संपतंय, आणि नागरिक न्हाई त्याचं नाव यादीत ठेवता येत न्हाई. परदेशी झालेल्या भारतीयांना मिळतंय ते ओसीआय कार्ड म्हणजे मत न्हवं. भारताचाच पासपोर्ट असून बाहेर ऱ्हाणाऱ्यांसाठी नमुना 6अ हाय, आक्का, तो तू बघ. पण त्यातबी मत द्यायला विमानानं हितं यायचं आणि पासपोर्ट दाखवायचा. टपालानं पाठवून चालत न्हाई.

आणखी एक. पत्रकावर फोटो बघू नका, तळाची बारीक ओळ बघा. मुद्रक, प्रकाशक, पत्ता. लोकसभा-विधानसभेला 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम 127अ हाय: ही नावं न टाकता छापलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, न्हाईतर दोन हजारांपर्यंत दंड, न्हाईतर दोन्ही. छापायच्या आधी प्रकाशकानं "मीच तो" असं सही करून द्यायचं, त्याला ओळखणाऱ्या दोघांनी त्यावर सह्या करायच्या. आमच्या थोरल्याकडं मतदानाच्या आदल्या आठवड्यात रात्री अकराला गिऱ्हाईक यायचं, खिशातनं घडी घातलेला कागद काढायचं, "दोन हजार प्रती, सकाळी पायजेत, पैसे रोख." भाऊ म्हणायचा, दोघं साक्षीला आण, मग मशीन चालू. निम्मी परत यायचीच न्हाईत. त्या कागदात कुणाच्या तरी बायकापोरांवर लिहिलेलं असायचं. बिनओळीचं पत्रक गेटात सापडलं तर ते पहिल्यांदा बाजूला काढ. बाकीची चालायचीच.

आणि तेवढं चिडू नको गं. सभागृहाची मुदत 2020 ला संपली, तवापास्नं प्रशासक. आमच्या बोळातलं गटर तीनदा तुंबलं, कुणाला सांगायचं तेच कळंना. आता चौवीस उमेदवारांचे मोबाईल नंबर त्यांच्याच हातानं माझ्या दारात आलेत. मी एकबी कागद टाकलेला न्हाई. सगळे बुटाच्या खोक्यात हायत.

---

प्रेषक: स्लावचा धाकटा

तात्या, कायदा मान्य. पासपोर्ट बदलल्यापासून तिथं मत दिलेलं नाही, अंबाबाईची शप्पथ.

फोटो का मागितला ते सांगतो. त्या पत्त्यावर माझ्या नावानं आता दुसरं काही येत नाही. बँकेचं बंद झालं, कॉलेजचं कधीच बंद झालं, लग्नपत्रिका व्हॉट्सअॅपवर येतात. गेल्या खेपेला आलो तेव्हा कुरिअरच्या पोरानं विचारलं, "तुम्ही कुणाकडं आलाय?" मी माझ्याच गेटात उभा होतो. आक्कानं फोटो पाठवला त्यात माझं पूर्ण नाव आहे, वडिलांच्या नावासकट, खाली आमची गल्ली. छापलेलं. एवढंच.

नाव काढतो. लगेच काढतो असं म्हणत नाही, पण काढतो.

---

प्रेषक: क्रॉयडनची वैनी

भाऊजी, पाकीट फ्रेम करून भिंतीला लावा. नाव आज रात्री काढा.

---

प्रेषक: चिटणीस

मंडळी, संक्रांतीच्या हॉलचे पैसे आठ जणांचे यायचे आहेत, ते आधी.

या चर्चेमुळे आपलीच सभासद यादी उघडून बघितली. दोन दिवंगत सभासदांना आपण दर एप्रिलला वर्गणीचं स्मरणपत्र पाठवत आलो आहोत, त्यातल्या एकांना तर "अंतिम सूचना" असं लिहून. त्यांच्या घरी आज फोन केला. एका घरी वहिनी म्हणाल्या, मी दरवर्षी भरतेच की, त्यांच्या नावानं. यादीत काय करायचं ते मला कळलेलं नाही. कार्यकारिणीत विचारतो.

---

प्रेषक: रेडिंगची आक्का (अजून कोल्हापूर)

सगळ्यांना धन्यवाद. तात्या, रविवारी येतोय, तांबडा जास्त.

मतदार यादीचं काम बघणाऱ्या बीएलओ बाई काल येऊन गेल्या. अंगणवाडीच्या आहेत, खांद्याला पिशवी, पिशवीत यादी, यादीला रबर. निवडणुकीच्या गडबडीत असूनही कट्ट्यावर टेकल्या. नाव निघेल ते मतदानानंतरच, म्हणाल्या, अर्ज मात्र घेते. आईनं चष्मा लावून नमुना 7 पूर्ण वाचला, मग सही केली. "नाव काढण्याचे कारण" या रकान्यापाशी पेन थांबला, तेवढं मी लिहिलं. पुरावा म्हणून मी बाबांच्या नावचं पाकीटही दाखल्याबरोबर जोडलं होतं. बाईंनी टाचणी काढून ते परत दिलं. "ह्याची गरज न्हाई काकू, दाखला पुरे."

मी ते रद्दीच्या ढिगावर ठेवायला गेले तर आई म्हणाली, "आण हिकडं, मी ठेवतो." आतलं पत्र काढून तिनं रद्दीत टाकलं आणि पाकिटात रेशनकार्डाची झेरॉक्स घालून कपाटात ठेवलं.

धाकट्या, तुझा अर्ज ऑनलाइन होतो, तो तुझा तू भर. तुझं पाकीट येताना आणते, पण त्याला तिळगुळाच्या मुंग्या लागल्यात.

पुठ्ठा काढून टाकलाय. त्या जागी बाबांची भाजीची जुनी कापडी पिशवी अडकवली. आज सकाळी तिच्यात सात पत्रकं होती, पेटीत एकही नाही, आणि गेट एका हातानं उघडलं. सातांपैकी एकावर तळाची ओळ नव्हती, तात्या. ते घेऊन येते रविवारी.