'रणांगण'वर २० मिनिटांची फिल्म: जहाजाचं काय करायचं?

नौपाडाकर: विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण' कादंबरीतला (१९३९) फक्त जहाजावरचा भाग घ्यायचाय. नायक चक्रधरचं 'मी'मधलं निवेदन ठेवायचं का? आणि ठाण्याच्या खाडीत लाँचवर शूट जमेल?

ऐरोली लोकल: खाडी विसरा. कॅमेरा कुठेही लावा, समोर तिवरं नाहीतर टॉवर. भर समुद्राचं क्षितिज मिळायचंच नाही. घोडबंदरकडे शेड भाड्याने घेऊन ८ बाय १० फुटांची केबिन उभारा, एक भिंत निघणारी ठेवा. गोल खिडकीमागे पांढरं कापड आणि लाइट. समुद्र आवाजावर भागवायचा.

डोलण्यासाठी कॅमेरा कलता करू नका. त्याने भिंती आणि टांगलेला दिवा एकदमच तिरके दिसतात, जहाज हलल्यासारखं वाटत नाही. कॅमेरा स्थिर, हलवायचा तो दिवा. तोही मोकळा सोडलात तर फूटभर वायरवरचा दिवा साधारण सेकंदाला एक झोका घेतो. मग ती छोट्या मचव्यातली खोली वाटते! बारीक काळा दोरा बांधून एक पूर्ण झोका १२ ते १५ सेकंदांत ओढा. टेबलावर काचेचा ग्लास नको, आतलं पाणी ढिम्म राहतं. कपबशी चालेल.

कोपरीकर: निवेदन काढा. चक्रधर इतकं छान सांगतो की ऐकता ऐकता आपण त्याला माफ करून मोकळे होतो. प्रत्यक्षात जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू मुलगी हॅर्टा जहाजातून पुढे जाते आणि हा मुंबईला उतरतो. बोलायच्या वेळी न बोलणारा माणूस नुसता दिसू दे. हॅर्टाची पत्रं मात्र तिच्याच आवाजात हवीत. तिच्या तोंडी मराठी घालू नका, सबटायटल द्या.

आणि आधी हक्क! बेडेकर १९९८ साली गेले. त्यापुढे ६० वर्षं, म्हणजे २०५८ अखेरपर्यंत कॉपीराइट. 'फुकट यूट्यूबवर टाकतोय' ही सबब चालत नाही. वारसांना गाठा, प्रकाशकाकडे फिल्मचे हक्क असतीलच असं नाही. करारात मुदत नसेल तर ५ वर्षंच धरतात, आणि प्रदेश नसेल तर फक्त भारत. बाहेरच्या महोत्सवाला पाठवताना तिथेच अडकाल.

नौपाडाकर: आणि डेक?

ऐरोली लोकल: रात्रच घ्या. मागे काळा पडदा, पुढे कठडा, फरशी ओली. पंखा मात्र सगळ्या शॉटना जहाजाच्या नाळेकडूनच, म्हणजे पुढच्या टोकाकडून. उलट्या अँगलला केस भलतीकडे उडाले की जहाज मागे चाललंय.