पिनियन फ्लँज धरायची पट्टी आणि प्रीलोडचा काटा

डिफरेन्शियलमधल्या पिनियनचा (क्राउन फिरवणाऱ्या छोट्या दातेरी चाकाचा) नट आवळताना फ्लँज, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट जोडायची चकती, फिरतो, तर पाइप पान्याने धरू का, असं विचारलंय. अजिबात नको. सील बसतं तिथे ओरखडा पडला की तेल गळणारच. नाशिकच्या अंबड-सातपूरकडच्या कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडून १० मिमी प्लेट कापून घ्या: मधे सॉकेट आरामात जाईल एवढं भोक, बाजूला फ्लँजच्या बोल्टांची भोकं. तिला मीटरभर लांबीची जाड पट्टी वेल्ड करा.

खरं नाजूक काम प्रीलोडचं, म्हणजे पिनियनच्या बेअरिंगवर आधीच ठेवायच्या दाबाचं. क्राउन (पिनियनने फिरणारं मोठं दातेरी चाक) बसवण्याआधी फ्लँजवर दोरी गुंडाळून स्प्रिंगच्या काट्याने संथ ओढा. सुरुवातीचा झटका सोडा, पिनियन एकसारखा फिरताना काटा वाचा. काट्यावरचे किलो गुणिले दोरी गुंडाळली तिथली सेंटिमीटरमधली त्रिज्या: ३ किलो, ५ सेंमी म्हणजे १५ किलो-सेंमी, साधारण १.५ न्यूटन-मीटर. हा आकडा गाडीच्या मॅन्युअलशी ताडा. तिथलं माप सीलसकट आहे की सीलविना, तेही बघा.

क्रश स्लीव्ह (दोन बेअरिंगांमधली, नट आवळला की दबणारी नळी) नवीच हवी. नट अगदी थोडा-थोडा आवळा, दर वेळी मोजा. शेवटी आकडा झपकन चढतो. मॅन्युअलच्या मापापुढे गेलाच तर नट मागे घेऊन भागत नाही. दबलेली स्लीव्ह परत फुगत नाही, बेअरिंगवरची पकड जाते आणि पिनियन हलायला लागतो. सरळ दुसरी स्लीव्ह टाका.