पेपर पिसिंगची मोठी रजई: कागद कधी काढायचा? (मदत हवी आहे)

सुई_सातारा
पेपर पिसिंगने, म्हणजे कागदावर छापलेल्या रेषांवर कापडाचे तुकडे शिवून, डबल बेडची रजई चालू आहे, ९० बाय १०० इंच. १० इंची चांदणीचे ९० ब्लॉक. प्रत्येक ब्लॉक चार पावांचा (चौथ्या हिश्श्यांचा), माया (शिवणीसाठी सोडलेली कड) धरून एक पाव साडेपाच इंच. ए-४ वर दोन बसतात. कागद साधा झेरॉक्सचा, ७५ जीएसएम, प्रिंट घरच्या इंकजेटवर. ४० ब्लॉक झालेत आणि सगळ्यांच्या पाठीला कागद तसाच आहे. कुणी सांगतं, ब्लॉक झाला की लगेच काढ. कुणी म्हणतं, सगळं जोडून होईपर्यंत हात लावू नको. एवढा कागदासकट पसारा मशीनखालून जाईल का? त्यात साताऱ्यातला जुलै. कागद ओल धरून मऊ पडलाय, इस्त्री फिरवली की कडा वळतात. आत जुन्या साड्यांचे दोन थर घालून शेवटचा धावदोरा वाकळ शिवणाऱ्या मावशींकडून घालून घ्यायचाय. बॉर्डर लावणार नाही.

उरेबपट्टी
आधी ब्लॉकच्या बाहेरच्या कडा बघा. कापड उभ्या-आडव्या धाग्यात आहे की उरेब, म्हणजे तिरकं? चांदणीत तुकडे जसे बसतील तसे लावले जातात, म्हणून बऱ्याच कडा उरेब येतात. कागद आहे तोवर त्या जागच्या हलत नाहीत. कागद गेला की नुसत्या हाताळण्याने ताणतात. ब्लॉकमागे ३ मिलिमीटर धरा, १० ब्लॉकच्या रांगेत ३ सेंटिमीटर झाले. मग रांगा जुळत नाहीत आणि मधे फुगे येतात.

त्यामुळे हिशोब कडांचा ठेवा. ज्या ब्लॉकला चारही बाजूंनी शेजारी लागला, त्याचा कागद लगेच काढा. एकही कड मोकळी असेल तर राहू द्या.

आणि लांबच लांब रांगा जोडू नका, चौक करा. तुमचे आडवे ९, उभे १० ब्लॉक आहेत. ३ बाय ३ चे सहा चौक आणि ३ बाय ४ चे तीन, म्हणजे नेमके ९० होतात. लहान चौकात मधल्या एका ब्लॉकला चारही बाजूंनी शेजारी लागतो, मोठ्यात मधल्या दोनांना. मोठ्या जोडण्या सुरू व्हायच्या आधीच १२ ब्लॉकांचा कागद गेलेला असेल. पुढे चौक चौकाला लागेल तसे बाकीचे.

सगळा कागद भरतो सव्वापाचशे ग्रॅमच्या आसपास. वजनाचं काही नाही हो, पण कागदासकट कापड गुंडाळता येत नाही. मशीनच्या कमानीत कोंबलं की कुठेतरी मोडतं आणि त्या घडीवरची टीप ताणली जाते.

मायेतल्या कागदाला मात्र हा नियम नाही. जोडटीप झाली की मायेतली सहा मिलिमीटरची पट्टी तेव्हाच काढायची, इस्त्रीच्या आधी. चार पाव मिळतात तिथे आधीच कापडाची गड्डी होते. त्यात कागद अडकला तर नंतर चिमट्यानेही निघत नाही.

कृष्णाकाठ_सांगली
वरच्याशी सहमत. पण तुमचा टाका किती लांब आहे ते लिहिलं नाहीत. इंचाला १६ ते १८ टाके हवेत, म्हणजे साधारण दीड मिलिमीटर, आणि सुई १४ नंबरची. नेहमीच्या अडीच मिलिमीटरच्या टाक्याने कागदाला भोकं लांब लांब पडतात. मग कागद फाटण्याऐवजी दोरा ओढला जातो आणि उजव्या बाजूने टाके दिसायला लागतात. झालेले ४० ब्लॉक तसे असतील तर उसवत बसू नका, कागद मात्र सावकाश काढा.

काढताना ब्लॉक उलटा ठेवा. कागद टिपेवर एकदा पुढे, एकदा मागे दुमडून नखाने घडी पक्की करा. डाव्या अंगठ्याने टीप दाबून धरायची आणि कागद वर न उचलता आडवा ओढायचा. शेवटी शिवलेला तुकडा आधी, पहिला सगळ्यात शेवटी. टीप रेषेच्या दोन्ही टोकांना तीन-चार टाके पुढे गेलेली असली तर पुढची टीप तिला बांधून टाकते. रेषेवरच थांबलेली टीप इथे हमखास सुटते.

टाका_घाल
पावसाळ्यात कागद इतके दिवस ठेवायचाच कशाला? ब्लॉकच्या चारही बाजूंना कडेपासून ३ मिलिमीटरवर साधी टीप मारा आणि कागद काढून मोकळे व्हा. टीप मायेत लपते, कड ताणत नाही.

उरेबपट्टी
पद्धत बरोबर आहे, ८-१० ब्लॉकांच्या पाळण्याच्या दुपट्याला मीही हेच सांगेन. इथे ब्लॉकमागे ४२ इंच, गुणिले ९०, म्हणजे सुमारे ९६ मीटर जादा टीप! वर त्या टिपेबाहेरची ३ मिलिमीटरची कागदाची चिंधी वेचत बसायचं.

ही टीप बाहेरच्या कडेला मात्र हवीच, कारण बॉर्डर नाही. सगळं जोडून झालं की भोवतीने ३ मिलिमीटरवर एकच टीप, ३८० इंच, पावणेदहा मीटरही भरणार नाही. ती झाली की कडेच्या ३४ ब्लॉकांचा कागद काढा.

सुई_सातारा
टाका दोनवर होता, आता दीडवर घेते. चांदणीच्या टोकात कागद अडकतो तिथे पाण्याचा ब्रश फिरवला तर चालेल का?

कृष्णाकाठ_सांगली
इंकजेटच्या प्रिंटवर नको, शाई पाण्याने पसरते आणि पांढऱ्या कापडावर उतरते. टोकाचा चिमटा वापरा. ओला ब्रश चालवायचाच तर आधी पांढऱ्या चिंधीवर त्याच प्रिंटचा तुकडा भिजवून बघा. वाफेची इस्त्रीही नको. वाफेने कागद आक्रसतो आणि मापात फरक पडतो. या हवेत शिवायच्या आधी कोऱ्या प्रिंटवर कोरडी इस्त्री फिरवली की कागद पुन्हा ताठ होतो. झालेले ब्लॉक फळीखाली सपाट ठेवा. कागद आणि खळ एकत्र असली की कसर लागते, तेव्हा ट्रंकेत कोंबून दिवाळीपर्यंत विसरू नका.

मावशींकडे देण्याआधी वरचा थर खिडकीच्या उजेडात धरून बघा आणि ब्लॉक-ब्लॉक हाताने चुरगाळा. कुरकुर आली की तिथे कागद आहे. साड्या आत गेल्यावर तो निघत नाही, धुतल्यावर त्याचा लगदा होऊन गाठी बसतात, आणि धावदोऱ्याची सुई तिथे अडते. झेरॉक्सचा कागद असलेली वाकळ मावशी परतच पाठवतील.