पणजी, जुने गोवे आणि नार्वे : दोघांसाठी चार दिवसांचा प्रवास कसा आखावा?

पेडण्याचे मास्तर यांचा प्रश्न

सप्रेम नमस्कार.

मी पेडणे तालुक्यातील निवृत्त प्राथमिक शिक्षक आहे. आमच्या लग्नाला यंदा ३५ वर्षे पूर्ण होत असून, त्या निमित्ताने मी आणि माझी पत्नी असे दोघेच नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात चार दिवस पणजीला जाऊन राहावे असा विचार आहे. गोव्यातच जन्म गेलेल्या माणसांना पणजी काय पाहायची, असे कोणी म्हणेल. परंतु नोकरीच्या काळात मी पणजीला गेलो तो बहुतेक वेळा कागदपत्रांसाठी, सकाळच्या बसने जाऊन दुपारच्या बसने परत, आणि त्या धावपळीत मांडवीच्या काठी स्वस्थ बसल्याचे मला एकदाही आठवत नाही. पत्नीच्या वाट्याला तर लग्नकार्ये आणि दवाखाने एवढीच पणजी आली.

तिची एक इच्छा मात्र फार जुनी आहे. नार्वे येथील श्री सप्तकोटेश्वर हे तिच्या माहेरचे कुलदैवत. सहा-सात वर्षांची असताना आजोबांबरोबर ती तेथे गेली होती. देवळाचे तिला फारसे स्मरण नाही, परंतु पाणी ओलांडून गेल्याचे आणि आजोबांनी मध्यावर हात जोडून नदीत पैसा सोडल्याचे ती आजही सांगते. आम्ही पेडण्याहून गेलो तर डिचोलीमार्गे रस्त्यानेच देवळाच्या दारात पोहोचू. पण मग ते पाणी कोणते, हा तिचा प्रश्न तसाच राहतो. पणजीहून नदी ओलांडून नार्वेला जाता येते का?

तिचा डावा गुडघा दुखतो, त्यामुळे फार पायऱ्या नकोत. आमची स्कूटर आहे. ती आणावी की बसने यावे, हेही सांगावे. समुद्रकिनारे आम्ही हरमल-केरीला पुष्कळ पाहिले आहेत, तेव्हा त्यांची आवश्यकता नाही.

माळ्याची रहिवासी यांचा प्रतिसाद

मास्तर, नमस्कार. आधी तारखांविषयी लिहिते, कारण सगळे त्यावर अवलंबून आहे. नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा कृपया टाळावा. २००४ सालापासून भारतीय आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव पणजीत भरतो, तो याच सुमारास असतो, आणि त्या दिवसांत खोल्यांचे दर चढलेले असतात. शिवाय जुन्या गोव्यात ३ डिसेंबरला सेंट फ्रान्सिस झेवियरचे फेस्त, म्हणजे वार्षिक उत्सव, असते व त्याआधीचे नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे खास प्रार्थना, चालतात, त्यामुळे तिकडच्या रस्त्यावर गर्दी असते. पाठोपाठ ८ डिसेंबरला पणजीच्या चर्चचे फेस्त येते आणि मग नाताळ. जानेवारीचा दुसरा आठवडा धरलात तर हवाही चांगली असेल आणि शहर तुम्हाला मोकळे सापडेल.

राहायला पणजीतला माळा किंवा फोंतइन्यास हा जुन्या घरांचा भाग पाहावा, मात्र खोली घेण्यापूर्वी फोन करून ती तळमजल्यावर आहे का, हे विचारून घ्यावे. माझ्या नणंदेने संकेतस्थळावरची छायाचित्रे पाहून येथील एका जुन्या घरात खोली घेतली होती. ती निघाली दुसऱ्या मजल्यावर, उभ्या लाकडी जिन्याची, आणि सत्तरीच्या सासूबाईंना तो जिना दिवसातून चार वेळा चढावा लागला. छायाचित्रात जिना दिसत नाही.

फोंतइन्यास पाहायचे तर सकाळी सात वाजता बाहेर पडावे. झऱ्यांवरून नाव पडलेला हा भाग आल्तिनोच्या टेकडीच्या पायथ्याशी आहे आणि त्या वेळी सायकलवरचा पोदेर, म्हणजे पाववाला, भोंपू वाजवीत दारोदार पाव, उंडे, पोळी देत असतो. काही जुन्या खिडक्यांत अजून शिंपल्यांच्या पाकळ्या बसवलेल्या दिसतात. काच महाग होती तेव्हा कालवाच्या जातीचे हे चपटे शिंपले घासून, चौकोनी कापून लाकडी चौकटीत सरकवीत असत. सूर्य वर आला की त्यांतून उजेड दुधासारखा झिरपतो. वहिनींना एखाद्या खिडकीपाशी थांबवून ते जरूर दाखवावे. एक विनंती मनापासून करते: ही आमची राहती घरे आहेत. दारात, पायरीवर बसून छायाचित्रे काढणाऱ्यांमुळे येथील वृद्धांना दुपारी दार उघडे ठेवता येत नाही. आपण पाहुणे म्हणून आलात तर प्रत्येक घरातून हसून दोन शब्द मिळतील.

पणजीच्या चर्चच्या पायऱ्या वहिनींनी चढू नयेत; समोरच्या उद्यानात बसून सगळी इमारत डोळ्यांत मावते. मूळ चर्च १५४१ सालचे, सध्याची बांधणी १६१९ ची, आणि वरची मोठी घंटा जुन्या गोव्यातील ऑगस्टिनियन मठातून आणलेली आहे. त्या मठाचा उभा राहिलेला मनोरा तुम्हाला नंतर दिसेलच. आझाद मैदानाजवळ मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात निळ्या चित्रफरशांच्या भिंती आहेत. फारशी चढउतार न करता निवांत पाहता येतात. जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियांचा पुतळा आहे. संमोहनविद्येच्या अभ्यासात नाव झालेले हे गृहस्थ १७५६ साली कांदोळीला जन्मलेले. महालक्ष्मीचे देऊळ तेथून जवळच आहे. एवढे एका सकाळी होते आणि संध्याकाळ नदीकाठासाठी राहते.

डिचोलीकर यांचा प्रतिसाद

मास्तर, वहिनींना आठवते ते पाणी मांडवीचेच, आणि ती वाट आजही चालू आहे. जुन्या गोव्यातून फेरीबोटीने दिवाडी बेटावर उतरायचे, बेट ओलांडून पलीकडच्या धक्क्यावर जायचे आणि तेथून दुसऱ्या फेरीबोटीने डिचोली तालुक्यातील नार्वेला पोहोचायचे. त्यांच्या बालपणी होडी असेल, आता यांत्रिक बोट आहे, इतकाच फरक.

या वाटेने जाण्याला आणखी एक अर्थ आहे, तो वहिनींना अवश्य सांगावा. सप्तकोटेश्वर हे गोव्याच्या कदंब राजांचे आराध्य दैवत आणि त्याचे मूळ देऊळ दिवाडी बेटावर होते. बहामनी स्वारीत ते पडले, विजयनगरच्या काळात माधवमंत्र्याने पुन्हा उभारले आणि १५४० च्या सुमारास पोर्तुगिजांनी ते पाडले. त्यानंतर लिंग नदीपार नेण्यात आले, कारण त्या काळी डिचोली पोर्तुगिजांच्या ताब्यात नव्हती. पुढे १६६८ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी तेथील देवळाचा जीर्णोद्धार केला; तसा शिलालेख देवळाच्या दारावर आहे. अलीकडे शासनाच्या पुरातत्त्व विभागाने दुरुस्ती केल्यानंतर फेब्रुवारी २०२३ मध्ये देऊळ पुन्हा खुले झाले. म्हणजे तुम्ही दोघे त्या दिवशी देव ज्या बाजूने ज्या बाजूला गेला, त्याच दिशेने पाणी ओलांडाल. वहिनींच्या आजोबांनी हात का जोडले असतील, याचे उत्तर मला त्यातच दिसते.

स्कूटर अवश्य आणा, कारण दिवाडीवर वाहने थोडी मिळतात आणि दोन धक्क्यांमधले अंतर दुखऱ्या गुडघ्याने चालण्यासारखे नाही. पेडण्याहून येताना पर्वरीवरून मांडवीवरच्या अटल सेतूवर चढू नका, तेथे दुचाकींना मनाई आहे. त्यापेक्षा खाली बेतीला उतरून स्कूटरसह फेरीबोटीने पणजीत या. शहरात शिरण्याचा याहून सुंदर मार्ग मला माहीत नाही.

पणजीहून जुन्या गोव्याला बगलरस्त्याने न जाता रायबंदरमार्गे जावे. पणजी आणि रायबंदर यांना जोडणारा तीन किलोमीटरहून लांब दगडी बांधपूल १६३३-३४ मधला आहे आणि आजही त्यावरूनच वाहतूक चालते. एका बाजूला नदी आणि दुसऱ्या बाजूला मिठागरांची सपाट जमीन. जुन्या गोव्यात बॉम जेझूस बासिलिका, समोर सी कॅथेड्रल आणि ऑगस्टिनियन मठाचा मनोरा एवढेच पाहावे. कॅथेड्रलचा एक मनोरा १७७६ साली कोसळला, म्हणून ते एका खांद्याचे दिसते. पुरातत्त्व संग्रहालय पाहायचे असेल तर शुक्रवार टाळा, त्या दिवशी ते बंद असते.

दिवाडीवर घाई करू नका. सखल भागातली शेती खाजन पद्धतीची आहे: नदीचे खारे पाणी बांधाने अडवलेले आणि बांधात मानस, म्हणजे लाकडी दारे. भरती चढली की पाण्याच्या दाबानेच दार मिटते, ओहोटी लागली की आतल्या पाण्याने ते उघडते. भरतीच्या वेळी दोन मिनिटे तेथे उभे राहिलात तर फळ्यांच्या फटीतून पाण्याचा फुत्कार ऐकू येतो. या जमिनीत कोरगुट नावाचे खारे सोसणारे भात पिकते. टेकडीवरच्या पिएदादच्या चर्चपर्यंत स्कूटर जाते. वरून मांडवी आणि जुन्या गोव्याची चर्चे एका नजरेत येतात.

फोंडेकर यांचा प्रतिसाद

वरील दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत, परंतु चारही दिवस पणजीतच मुक्काम करण्याचे मला पटत नाही. एक रात्र फोंडा महालात काढावी. दिवाडीचा देव जसा नदीपार गेला, तसेच दक्षिण गोव्यातल्या साष्टीतले अनेक देव झुआरी नदीच्या पलीकडे आले: मंगेश कुठ्ठाळीहून, म्हाळसा वेर्ण्याहून, शांतादुर्गा केळशीहून, रामनाथ लोटलीहून. आज आपण ज्यांना फोंड्याची देवळे म्हणतो ती मुळात आश्रयाला आलेल्या देवांची घरे आहेत, आणि हे ध्यानात घेऊन पाहिले तर डोंगरांच्या कुशीत, पोफळीच्या बागांत ती इतकी आडोशाला का आहेत, हे कळते. बांदोड्याचा नागेश मात्र मूळ जागीच आहे. तेथील लाकडावर कोरलेले रामायणातील प्रसंग मान वर करून सावकाश पाहावे लागतात.

सोमवार धरून आलात तर मंगेशीला संध्याकाळी पालखी असते. दीपस्तंभ, तळी आणि वाद्यांचा आवाज यांत एक तास कसा जातो ते कळत नाही. देवस्थानांच्या अग्रशाळांतून भाविकांना खोल्या मिळतात, मात्र आधी चौकशी करावी. म्हार्दोळ मंगेशीपासून अगदी जवळ आहे. तेथे वहिनींनी जायांच्या कळ्यांची वेणी घ्यावी, कारण म्हार्दोळची जाई गोव्यात नावाजलेली आहे. पणजीहून फोंड्याला कदंब या सरकारी परिवहन महामंडळाच्या आणि खासगी बसेस सतत असतात, त्यामुळे स्कूटर त्या दिवशी मुक्कामी ठेवता येईल. तीस किलोमीटर मागे बसणे दुखऱ्या गुडघ्याला सोसणार नाही. जेवणाचे म्हणाल तर एखादे शिवराक, म्हणजे शाकाहारी, ताट घ्यावे; खतखते (मिश्र भाज्यांची आमटी) आणि सोलकढी असेल तर आणखी काही लागत नाही.

पेडण्याचे मास्तर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. प्रतिसाद मी पत्नीला मोठ्याने वाचून दाखवले. दिवाडीचा मजकूर आला तेव्हा तिने मला थांबवले आणि तो परिच्छेद पुन्हा वाचायला लावला. आजोबा त्या वेळी ‘देवाची वाट’ असे काहीसे पुटपुटले होते, हे तिला इतक्या वर्षांनी आठवले.

जानेवारीचा दुसरा आठवडा ठरवला आहे. रविवारी बेतीच्या फेरीबोटीने पणजी, सोमवारी बसने मंगेशी आणि तेथेच अग्रशाळेत रात्र, मंगळवारी म्हार्दोळ व नागेश करून परत माळ्यात, आणि बुधवारी जुने गोवे, दिवाडी, नार्वे. शंका एकच आहे. नार्वेहून संध्याकाळी पणजीला परतण्यासाठी दोन्ही फेरीबोटी वेळेवर सापडल्या नाहीत तर आम्ही बेटावर अडकणार नाही ना?

डिचोलीकर

मास्तर, परतूच नका. बुधवारी सकाळी पणजीची खोली सोडून सामान स्कूटरवर घ्या. नार्वेला दर्शन झाले की तेथून डिचोली, अस्नोडा, थिवी, कोलवाळ असे सरळ पेडण्याला जाता येते आणि दिवेलागणीपर्यंत तुम्ही घरी असाल. दिवाडीत शिरतानाच पलीकडच्या फेरीच्या वेळा धक्क्यावर विचारून घ्या, म्हणजे चर्चच्या टेकडीवर किती वेळ थांबायचे ते ठरवता येईल. ओहोटीच्या वेळी धक्क्याचा उतार शेवाळाने निसरडा असतो, तेव्हा वहिनींना आधी हात धरून बोटीत चढवावे आणि स्कूटर मागाहून एकट्यानेच आत घ्यावी.

पेडण्याचे मास्तर

तसेच करतो. पत्नी विचारते आहे की नारळ तेथे मिळतात की घरच्या माडाचे न्यावेत; मी तिला घरचेच घे म्हटले आहे. खोलीचे निश्चित झाले की येथेच कळवीन.