पॉलिफेनॉलच्या गोळ्या: कॅन्सर टाळायला की खिसा हलका करायला?

टेकडीकर: पुण्यात तळजाई टेकडीवर सकाळी आमच्या कंपूत वाद पेटला. एका काकांनी हळदीच्या अर्काची डबी दाखवली. म्हणे, वनस्पतींतली पॉलिफेनॉल नावाची द्रव्यं कॅन्सर होऊच देत नाहीत. मला पटतं. हळदीतलं करक्युमिन, ग्रीन टीतलं ईजीसीजी यांनी प्रयोगशाळेत कर्करोगाच्या पेशींची वाढ रोखलेली दिसलीय. मग रोज एक गोळी घेतली तर बिघडलं कुठे?

सदाशिवपेठी: काचेच्या बशीतल्या पेशी फिनेलनंही मरतात हो. हळदीत करक्युमिन साधारण 3 टक्के. वरणातली चिमूट सोडा, 3 ग्रॅमचा चमचा फाकलात तरी 90 मिलिग्रॅम. त्यातलंही बहुतेक रक्तापर्यंत पोचतच नाही.

टेकडीकर: म्हणून तर मिरी! 1998 साली बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलंय, मिरीतल्या पिपरिनसोबत दिलं तर माणसांत वीसपट करक्युमिन रक्तात उतरतं. आजीच्या हळददुधात मिरपूड असायचीच.

सदाशिवपेठी: शून्याशेजारच्या आकड्याला विसानं गुणून असं कितीसं येणार?

लॅबवाली: दोघंही थांबा. माणसांवरचं बघू. प्रोस्टेटमध्ये, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीत, कर्करोगपूर्व बदल असलेल्या 60 इटालियन पुरुषांचा अभ्यास 2006 मध्ये छापून आला. निम्म्यांना रोज 600 मिलिग्रॅम ग्रीन टीचे कॅटेचिन, म्हणजे ईजीसीजी ज्यात मोडतं तो पॉलिफेनॉलचा गट. वर्षभरात त्या 30 पैकी एकाला कॅन्सर निघाला, नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्या 30 पैकी 9 जणांना. मीही वाचून हरखले होते. पण 2015 मध्ये अमेरिकेतल्या 97 जणांच्या चाचणीत कॅन्सरच्या प्रमाणात भरवशाचा फरक दिसला नाही. शिवाय 2018 मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं बजावलं, की गोळ्यांतून रोज 800 मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी गेलं तर यकृताला त्रास होऊ शकतो. कपातल्या चहाची गोष्ट वेगळी.

कोथरूडची_सून: आमच्या आत्यांनी केमो चालू असताना असल्या गोळ्या डॉक्टरांना न सांगता दोन महिने घेतल्या. उशीखाली डबी सापडली तेव्हा कळलं. "नैसर्गिकच आहे की," म्हणाल्या. बोर्टेझोमिब नावाच्या कॅन्सरच्या औषधाला ईजीसीजी चिकटून बसतं आणि त्याचा असर मारतं, हे उंदरांवर दिसलंय. आत्यांचं औषध वेगळं होतं, पण त्यांना हे कुठे ठाऊक होतं?

सदाशिवपेठी: आणि टेकडीकर, काका तंबाखू मळतात का हो?

टेकडीकर: ...दुसऱ्या खिशात. पण पॉलिफेनॉलवाले आवळा, जांभूळ, कोकम मी सोडणार नाही, सांगून ठेवतो.

लॅबवाली: सोडा कोण म्हणतंय? मंडईतून पिशवी भरून आणा. त्या डबीवर किती मिलिग्रॅम लिहिलंय, तेवढं मात्र बघा.

टेकडीकर: उद्या बघतो. चष्मा न्यावा लागेल, अक्षर फार बारीक आहे.