मदत हवी आहे: आजोंच्या पदकाची बातमी १९४४च्या पेपरांत सापडेना

पेडण्याची लेक

नमस्कार मंडळी. मी इतिहासाची विद्यार्थिनी वगैरे नाही, म्हापशाला बँकेत नोकरी करते. गेले चार महिने रजेचे शनिवार एकाच गोष्टीत घालवतेय आणि आता थकले, म्हणून हा धागा.

माझे आजो, म्हणजे आईचे वडील, तरुणपणी पेडण्याहून मुंबईला गेले आणि तिथे आगीच्या बंबावर लागले. १४ एप्रिल १९४४ला व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' बोटीचा स्फोट झाला तेव्हा ते ड्युटीवर होते. घरात सांगतात ते असं, की त्यांना आणखी होज आणायला मागे पिटाळलं, ते शेडच्या आडोशाला पोचतात न पोचतात तोच बोट उडाली. मग परत धुरात शिरून दोघांना ओढून बाहेर काढलं. त्यात डावा कान गेला तो गेलाच. मला आठवतात ते रेडिओला उजवा कान लावून बसलेले. डाव्या बाजूने हाक मारली तर ओ नाही, आणि आम्ही पोरं त्याचा फायदा घेऊन त्यांच्या डाव्या खिशातली गोळी पळवायचो.

यासाठी त्यांना सरकारी पदक मिळालं असं आजी शेवटपर्यंत सांगायची. पुरावा म्हणाल तर त्यांच्या फोटोच्या फ्रेममागे टाचणीने लावलेली बोटभर फीत. मामाकडे खिळ्यांच्या डब्यात एक जुनं पदक आहे, पण त्यावर इंग्रजीत 'पोलीस' लिहिलंय. मामा म्हणतो, "तें पोलिसाचें, आमचें न्हय." चाळीत शेजारी एक हवालदार राहायचे, त्यांचं राहून गेलं असावं असा घरातला समज.

१५ ते ३० एप्रिल १९४४चे मिळाले तेवढे मुंबईचे पेपर डोळ्यांत तेल घालून बघितले. आजोंचं नाव सोडाच, बंबवाल्यांबद्दल धड चार ओळी नाहीत. 'फायर मेडल' असं टाकून शोधलं तर भलतंच काही येतं. कुठे चुकतंय?

गोदीवाला

ताई, तारीख चुकतेय. लढाईचे दिवस होते. स्फोटाचा तपशील बाहेर पाठवायला सरकारने मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत परवानगीच दिली नव्हती. जगाला बातमी आधी कळली ती जपान्यांच्या ताब्यातल्या रेडिओ सायगाववरून, १५ एप्रिलला. तेव्हा एप्रिलचे अंक कोरे निघाले तर नवल नाही. मे, जून चाळा.

आणि दुसरं, पदकाची बातमी घटनेच्या तारखेला शोधायचीच नसते. शिफारस वर जाते, फाईल फिरते, मग नाव यादीत येतं. त्या काळी १ जानेवारीला आणि जूनमध्ये राजाच्या वाढदिवसाला सन्मानांच्या याद्या निघायच्या, पेपर त्या छापायचे. आधी १९४४चा जून, १९४५चा जानेवारी आणि १९४५चा जून एवढे तीन मौसम बघा. बारीक टायपात असतात, भिंग न्या.

चिकित्सक

राग मानू नका, पण अशी गोष्ट मी निदान चार घरांत ऐकलीय. त्या दिवशी अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. म्हणून तर १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात. जे वाचले त्यांच्या घरी पुढच्या पिढीला पदक आपोआप चिकटतं. आधी कागद, मग गोष्ट.

पेडण्याची लेक

राग नाही. कागदासाठीच तर आलेय. कान मात्र खरा होता, तो मी पाहिलाय.

रद्दीतला माणूस

नावाचं स्पेलिंग कसं टाकताय? मी गोव्यातल्या लोकांची नावं जुन्या पेपरांत शोधण्यात अर्धं आयुष्य घालवलंय, त्यामुळे आधी हाच प्रश्न. पोर्तुगीज वळणाने लिहिलं तर आपला नाईक 'क्यू-यू-ई'ने संपतो, प्रभूचा पोरोब होतो, कामतचा कामोतिम, आणि शेवटचा 'कर' 'के'ऐवजी 'सी'ने. मुंबईत भरती करणारा कारकून त्यातलं जे कानाला पटलं ते लिहिणार, किंवा सरळ गावाचं नाव लावून मोकळा होणार. तुमच्या आडनावाची निदान सहा रूपं कागदावर मांडा आणि एकेक टाका. शिवाय स्कॅन केलेल्या पेपरातला मजकूर यंत्राने वाचलेला असतो. पुसट टायपात त्याला 'सी' आणि 'ई' सारखेच. म्हणून नाव सोडून नुसतं 'बॉम्बे फायर ब्रिगेड' टाकून तारखेची मर्यादा घालून बघायचं. 'टाइम्स ऑफ इंडिया'चे जुने अंक प्रोक्वेस्ट या ऑनलाइन संग्रहात आहेत, पण वर्गणीचं काम आहे, विद्यापीठाच्या ग्रंथालयातून जमवा. मराठीसाठी दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय.

पणजीचं विसरू नका. पाटोला कृष्णदास शामा ग्रंथालयात पोर्तुगीज काळातली वर्तमानपत्रं आहेत. १९४४त 'ओ हेराल्दो' पोर्तुगीजमध्येच निघायचा. पोर्तुगाल लढाईत तटस्थ, त्यामुळे इंग्रजांचा सेन्सॉर इथे चालत नव्हता. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार, त्याचा चालायचा, तो भाग वेगळा! मुंबईत गोंयकार इतके, की गोदीची बातमी इथल्या संपादकाला घरचीच. तिथे 'बोंबेइरु' हा शब्द शोधा, म्हणजे बंबवाला. आपला 'बंब' त्याच गोतातला.

फीतवाला

सगळे पेपरांत शिरलेत, डब्याकडे कुणाचंच लक्ष नाही.

ताई, फितीचे रंग सांगा. गडद निळी आणि रुपेरी पट्ट्यांची असेल तर ते राजाचं पोलीस पदक, जे १९४० पासून 'पोलीस आणि अग्निशमन सेवा पदक' झालं. शौर्याचं असेल तर रुपेरी पट्ट्यांत बारीक लाल रेघ. त्याची नावं लंडन गॅझेटमध्ये, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या राजपत्रात येत, ते नेटवर फुकट शोधता येतं. पण फीत मधे किरमिजी आणि कडांना निळी-रुपेरी असेल तर ते भारतीय पोलीस पदक. १९३२ साली सुरू झालं, ब्राँझचं. आणि ते अग्निशमन दलालाही मिळायचं. नाव पोलिसाचं, मानकरी बंबवालाही. 'फायर मेडल' टाकून काही मिळणार नाही ते याचमुळे. या याद्या भारत सरकारच्या राजपत्रात बघाव्या लागतात. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर खातं उघडा, गृहखात्याच्या पोलीस शाखेच्या फायलीही तिथे चाळा.

मामांना सांगा, पदक उभं धरून कड बघायला. नाव असलं तर तिथेच कोरलेलं असतं. आणि हात जोडून विनंती, ब्रासो लावू नका.

पेडण्याची लेक

मंडळी, उशीर झाला, मार्चएंड होता.

फीत उन्हात नेऊन बघितली. बाहेरून विटकरी दिसते, पण टाचणीखालचा भाग उलगडला तर आत अजून किरमिजी आहे, चिंचोक्यासारखी. कडेला निळं, आणि त्यालगत राखाडी दोरा.

काल संध्याकाळी पेडण्याला गेले. मामाने डबा पालथा केला. दोन बिजागऱ्या, एक गंजका कोयंडा आणि हे. एका बाजूला जॉर्ज राजाचं डोकं, मागे 'इंडियन पोलीस'. कडेवर काही दिसेना, काजळी चढलेली. मामी आतून रांगोळी घेऊन आली, तिच्यात कड हलकेच घोळली तेव्हा अक्षरं पांढरी उठली. (फीतवाले, ब्रासो नाही लावला.) आधी 'फायरमन', मग आजोंचं नाव, मग आडनाव, 'सी'ने. मी चार महिने 'के'ने शोधत होते.

मामा काही बोलला नाही. पदक बनियनला पुसलं, परत पुसलं, आणि डब्यात न टाकता खिशात घातलं. पणजीला दाखवायला दे म्हटलं तर म्हणतो, "हांव येतां तुज्यावांगडा." तेव्हा येत्या शनिवारी दोघंही पाटोला. चिकित्सक, राजपत्रातला कागद अजून बाकी आहे, ठाऊक आहे.

एक राहिलंच. नावाच्या पुढे कडेवर एक आकडाही कोरलाय, तीन अंकी, मधला अंक झिजलेला. तो जवानाचा बिल्ला क्रमांक असेल का? भायखळ्याला, मुंबई अग्निशमन दलाच्या मुख्यालयाच्या बाजूला राहणारं कुणी आहे का इथे?